टेबलावरचं वल्हं

मित्रांनो, दाराच्या मागे छत्र्यांचं पिंप आहे बघा. त्यात मोडक्या छत्र्यांच्या गर्दीत एक लांब काठी उभी आहे, टोकाला आडवी फळी असलेली. ती मी. मी जुनी आहे आणि आज मला बोलायचंय. मधेच "पुढे काय, पुढे काय" करू नका. मला राग लवकर येतो.

काठी म्हणतात मला, पण मी जन्माची काठी नाही. मी वल्हं होते.

आमच्या पनामाच्या कालव्यावर गातुनची दारं आहेत. समुद्रातून आलेलं जहाज त्या दारांमधून पायरी पायरीनं वर तळ्यात चढतं. दहामजली इमारतीएवढी जहाजं येतात, त्यांच्यात जगातली सगळी यंत्रं असतात. तरी पहिला दोर त्यांना कोण देतं, माहितीये? एका चिमुकल्या होडीतली दोन माणसं. एक वल्हवतो, दुसरा दोर फेकतो. मी त्या वल्हवणाऱ्याच्या हातात होते. खारं पाणी, गोडं पाणी, तेलाचा तवंग, सगळं प्यायले. एके दिवशी एका जहाजाच्या पोटाला घासून माझं पातं तुटलं आणि मला भंगारात फेकलं.

तिथून एका सुतारानं मला उचललं. तुटकं टोक कापलं, तिथे वीतभर आडवी फळी ठोकली, रोगण लावलं आणि मला राजधानीतल्या एका संस्थेत पाठवलं. तिथे मुलं परराष्ट्र खात्यात जायला शिकायची. कोणता देश कुणाशी का भांडतो, मोठे देश लहानांच्या अंगणात येऊन कुस्ती का खेळतात, असलं सगळं.

तिथे एक टेबल होतं. केवढं? आठ माणसं झोपतील एवढं. त्यावर बसगाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं दोन महासागर, सगळी बेटं, शेजारचे देश आणि मधोमध आमचा चिंचोळा पनामा रंगवला होता. बसवाला पेंटर तो, त्यामुळे समुद्र असा भडक निळा की डोळे दुखावेत. त्या टेबलावर लाकडी जहाजं असायची, करडी लढाईची आणि पिवळी मालाची. ती लोटायला मी. हात पोचत नाही तिथे काठी पोचते.

टेबलाचे मालक होते प्रोफेसर एवारिस्तो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक मिशी, आणि आवाज इतका मऊ की शिवी दिली तरी शाबासकी वाटावी. दरवर्षी मार्चमध्ये, तळ्याचं पाणी खाली जातं तेव्हा, ते तीन दिवसांचा खेळ लावायचे. खेळ म्हणायचे, पण तीच वर्षाची शेवटची परीक्षा. सहा मुलं. टोपीत सहा चिठ्ठ्या. दोन मोठे देश, तीन शेजारी, आणि एक आपला स्वतःचा पनामा. जो जिंकेल त्याचं नाव संस्था खात्यात पाठवणार. एकच नाव, एकच जागा.

पनामाची चिठ्ठी कुणालाच नको असायची. का ते सांगते. प्रोफेसरांचा नियम होता की काठीला हात फक्त मोठ्या देशांनी लावायचा. शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसून "कृपया हलवा" म्हणायचं. आणि पनामावाल्यानं बसायचं तिवईवर. ती तिवई एवढी बुटकी की टेबलाच्या कडेवरून नुसते डोळे दिसायचे.

"सर, मला नकाशाच दिसत नाही," असं एकानं एकदा म्हटलं होतं.

"बरोबर," प्रोफेसर म्हणाले. "लहान देशाला नकाशा दिसत नसतो, बाळ. तो नकाशात असतो."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला तोंड नाही. सुरुवातीला मला ही माणसं फार हुशार वाटायची, खोटं कशाला बोलू. माझं कौतुकही व्हायचं. एक परदेशी पाहुणा आला, त्यानं मला हातात तोलून पाहिलं, "वा" म्हणाला. मी आठवडाभर ताठ होते. पूर्वी मी गढूळ पाणी ढकलायचे, आता आरमारं ढकलत होते. डोक्यात हवा गेली माझ्या.

मग एनैदा आली.

एनैदा ग्रेनाल्ड. कोलोनची, गातुनच्या दारांजवळची. एकवीस वर्षांची, काळीसावळी, उंच, दोनच ब्लाउज आलटून पालटून घालणारी. तिचे वडील तिबुर्सिओ होडीवर दोर फेकायचे. वर्गात हे कळलं आणि झालं. तिचं नाव पडलं दोरवाली.

"ए दोरवाली, माझ्या बुटाची नाडी बांध की!"

"बांधते," ती म्हणायची, "पण गाठ आमच्या पद्धतीची मारीन. मग पाय कापूनच बूट निघेल."

अशी होती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिनं मला उचललं, अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "तू वल्हं आहेस ना गं?" एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणालाही ते कळलं नव्हतं.

तिला ती जागा हवी होती. हवी म्हणजे कशी? बाकीच्यांना हवी होती तशी नाही. बाकीच्यांचे काके-मामे होतेच कुठे कुठे. हिला जागा मिळाली नाही तर कोलोनला परत जायचं आणि आत्याच्या ओळखीनं अत्तराच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं. आत्यानं निरोपही धाडला होता, "मार्चअखेर कळव, नाहीतर दुसरी मुलगी बघतात." बस्. दोनच रस्ते.

तिला एकच मित्र होता, लिसांद्रो. लिसांद्रो उर्रिओला, वकिलाचा मुलगा, गोरा, गालावर खळी. अभ्यासात ढ नाही, पण आळशी. एनैदा त्याच्याकडून करारांची सालं पाठ करून घ्यायची, तो तिला दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीवरून तिखट खिम्याच्या करंज्या आणून द्यायचा. दोघं माझ्या टेबलाशीच बसून खायचे. समुद्रात चुरा सांडायचा.

तिथेच एकदा तिनं त्याला होडीतला नियम सांगितला.

"बाबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत," ती म्हणाली. "का सांगू? होडी जहाजाला भिडते तेव्हा वल्हवणारा ओरडतो, 'कुठे?' म्हणजे दोर कुठे फेकणार, नाकाशी की मधे. फेकणाऱ्यानं त्याच क्षणी सांगायचं. त्याला कळलं तर तो होडी तशी वळवतो. नाही कळलं तर भिंत आणि जहाज यांच्यामध्ये कुणाचं तरी काहीतरी जातं."

"मग बाबांनी सांगितलं नाही?"

"त्या दिवशी बाबा वल्ह्यावर होते. जोडीदार गप्प बसला. का, देव जाणे. रुसला होता म्हणे."

"मग?"

"मग काय. बाबांनी पट्टी बांधली, आणि त्या माणसाबरोबर पुन्हा कधी होडीत पाय ठेवला नाही. भांडले नाहीत, काही नाही. लग्नाला बोलावलं तर गेले पण नाहीत. आमच्या घरी अजून तसंच आहे. कुणी 'कुठे?' विचारलं की सगळं खरं सांगायचं. आईला लग्नाआधी बाबांनी तसंच विचारलं."

लिसांद्रो हसला. खळी पडली. मला ती खळी तेव्हाच खटकली, पण काठीचं कोण ऐकतं.

मार्च आला. टोपी फिरली. लिसांद्रोला उत्तरेचा मोठा देश. इव्होन नावाच्या मुलीला समुद्रापलीकडचा मोठा देश. आणि एनैदाला? पनामा. तिवई सरकवली गेली. कुणीतरी शीळ घातली.

"दोरवाली घरी आली!"

ती बसली. गुडघे हनुवटीला लागले. पण घाबरली नव्हती, हे मी टेबलावरून नीट पाहिलं.

प्रोफेसरांनी त्या वर्षीचं संकट वाचलं. दुष्काळ पडलाय. तळं आटलंय. दिवसाला फक्त दहा जहाजं जाऊ शकतात. उत्तरेच्या देशाला आपली लढाऊ जहाजं आधी हवीत, पलीकडच्याला आपला माल आधी हवा, शिवाय एक बंदरही हवं. दोघं दोन्ही बाजूंनी गळा धरून उभे.

पहिले दोन दिवस मी नुसती धावत होते. लिसांद्रो करडी जहाजं पुढे लोटायचा, इव्होन पिवळी. एनैदाला विचारलं की ती म्हणायची, "विचार करतेय." प्रोफेसर म्हणायचे, "लहान देश विचार करतोय, शांतता राखा." हशा. ती मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. ती तिथेच थांबली. लिसांद्रो करंज्या घेऊन आला. या वेळी तो खाली जमिनीवर, तिच्या तिवईजवळ बसला. तिच्यापेक्षाही खाली. कसलेला नट जसा बसेल ना, तसा.

"थकलीस?"

"थोडी."

"मला खरंच जागेचं काही नाही गं. पप्पा मला कुठेही चिकटवतील. जागा तुलाच मिळायला हवी." त्यानं करंजी मोडून अर्धी तिला दिली. मग तोंडातला घास चावता चावता, अगदी सहज, म्हणाला, "कुठे?"

मित्रांनो, मला वाटलं माझ्यावर जहाज आदळलं.

ती हसली. असं हसली की मला अजून आठवतं. इतक्या दिवसांत राजधानीत पहिल्यांदाच कुणीतरी तिला घरच्यासारखं विचारलं होतं. आणि तिनं सांगितलं. सगळं. न सांगणं तिच्या रक्तातच नव्हतं.

डाव काय होता ऐका, कारण डाव भारी होता. उद्या सकाळी नऊला ती जाहीर करणार होती की पाणी कमी झालंय, दारांची दुरुस्ती निघालीय, कालवा आठवडाभर बंद. दोघांनाही सारखाच. कुणाची बाजू घेतली असं कुणी म्हणू शकत नाही. दोन्ही आरमारं बाहेर समुद्रात ताटकळत. मग आत यायचं तर दोघांनी एकाच कागदावर सही करायची, की लढाऊ जहाजं तळ्यात थांबणार नाहीत आणि रांग पनामा ठरवेल. "फक्त एक गोष्ट," ती म्हणाली, "नऊच्या आधी कुणी आत असता कामा नये. एकाचं जहाज जरी आत राहिलं, तर दुसरा त्या निमित्तानं घुसेल. मग मी संपले."

"भारीच," लिसांद्रो म्हणाला. त्यानं बोटं चाटली. "खरंच भारी."

जेवणानंतरच्या शेवटच्या फेरीत त्यानं मला उचललं. हात थंड होता त्याचा. माझ्या फळीनं त्यानं चार करडी जहाजं सरळ तळ्यात लोटली. कारण दिलं, तळ्याच्या धरणाच्या रक्षणासाठी. मी अंग जड करायचा प्रयत्न केला. हसू नका. काठी काय करणार? जिकडे हात तिकडे मी.

एनैदानं त्याच्याकडे पाहिलं. तो नकाशाकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी नऊला तिनं कालवा बंद केला. दुसरं काही करायला तिच्याकडे उरलं नव्हतं. लगेच इव्होन उठली, "उत्तरेची जहाजं आत कोंडून घेतलीत म्हणजे तुम्ही त्यांचा तळ झालात. आम्ही कोलोनचं बंदर ताब्यात घेतो." लिसांद्रो म्हणाला, "मग आम्ही या बाजूचं घेतो." पाव तास पण लागला नाही. आमचा देश मधोमध, कालव्यावरून, दोन तुकडे.

प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. "मुलांनो, हा धडा कुठल्याही पुस्तकात नाही. लिसांद्रो, तुला तिचा डाव कसा कळला?"

"तिनंच सांगितला, सर."

"स्वतःहून?"

"विचारलं म्हणून."

छप्पर उडेल असं हसले सगळे. एनैदा हसली नाही. ती लिसांद्रोला म्हणाली, "तू 'कुठे' विचारलंस रे."

"अगं, खेळ आहे," तो म्हणाला. "एवढं काय."

हरलेल्या देशाचा ठोकळा टेबलाच्या कडेपर्यंत लोटायचा आणि बिस्किटांच्या डब्यात पाडायचा, अशी तिथली रीत. ठोकळा नेहमी जिंकणारा लोटायचा. त्या दिवशी प्रोफेसरांच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी मला उचललं आणि एनैदासमोर धरलं.

"तीन दिवस काठी हवी होती ना? घे. आज तुझी पाळी."

तिनं मला घेतलं. हाताला घाम. मला वाटलं ही आता मला त्यांच्या डोक्यात घालेल. घातली असती तर मी आनंदानं मोडले असते. पण तिनं पनामाचा निळा-लाल-पांढरा ठोकळा माझ्या फळीनं लोटला, बेटांवरून, भडक निळ्या समुद्रावरून, कडेपर्यंत. डब्यात तो वाजला. टण्ण.

"हात स्थिर आहे," प्रोफेसर म्हणाले. "काउंटरवर उपयोगी पडेल."

म्हणजे त्यांना आत्याचं माहीत होतं. तरी. किंवा म्हणूनच.

लिसांद्रोचं नाव खात्यात गेलं. एनैदा कोलोनला गेली. जाताना तिनं मला हात लावला नाही.

पुढची वर्षं मी लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रोफेसर म्हातारे झाले, खेळ बंद पडला, टेबलावर फायली साठल्या. माझं काय झालं? झुरळं मारली मला घेऊन. खिडकीत अडकवलं. एका सफाईवालीनं माझ्या टोकाला फडकं बांधून छताची जळमटं काढली. ती निदान गाणी म्हणायची. रोगण उडालं, जुन्या खिळ्यापाशी चीर पडली. मी मनात एकच म्हणायचे, ती पोरगी कशी असेल.

चौदा वर्षांनी दार उघडलं आणि ती आत आली.

प्रोफेसर एनैदा ग्रेनाल्ड. दहा वर्षं अत्तराच्या काउंटरवर उभी राहून, सुटल्यावर बसमध्ये वाचून, एकेक परीक्षा देऊन, लहान देश मोठ्यांच्या भांडणात कसे तगतात यावर जाडजूड प्रबंध लिहून ती आली होती. केसांत दोन-चार पांढरे. चांगला सूट. तिनं फायली फेकल्या, टेबल पुसून घेतलं, मला कोपऱ्यातून काढलं. "अजून आहेस होय," म्हणाली. घरून आणलेलं खोबरेल तेल तिनं स्वतःच्या हातानं मला चोळलं, चिरेपाशी दोरा गुंडाळला. आमच्या पद्धतीची गाठ मारली.

मित्रांनो, मी इतकी खूश झाले की काय सांगू. मला वाटलं, आता ही तिवई जाळेल. सगळ्यांना काठी देईल.

तिनं तिवई शोधून आणली. एक पाय डगमगत होता, तो नीट करून घेतला.

मार्चमध्ये टोपी फिरली. मी वरून पाहिलं, तिनं एक चिठ्ठी बोटांत धरून ठेवली होती. मारुकेलच्या वाट्याला तीच आली. मारुकेल म्हणजे दारिएनच्या रस्त्यावरच्या बसड्रायव्हरची मुलगी. बुटकी, बडबडी, आठवड्यातून तीनदा उपाशी येणारी. जागा तशीच, एकच. मारुकेलच्या मागे तीन भावंडं होती, आणि संस्थेत पुढच्या वर्षी राहायला तिला खोली नव्हती.

"मॅडम, ही तिवई फारच ग्रेट आहे हं," ती म्हणाली. "माझ्यासारखीलाच परवडते. उंच माणसाची तर वाट लागेल."

"लागते," एनैदा म्हणाली.

मारुकेलचा डाव एनैदाच्या डावापेक्षाही भारी होता. ती एकटी लढणारच नव्हती. तिन्ही शेजाऱ्यांना तिनं गुपचूप पटवलं होतं. तिसऱ्या दिवशी चौघांनी एकदमच आपापली बंदरं बंद करायची. मोठ्यांना एकेकाला दाबता येतं, चौघांना एकाच सकाळी येत नाही.

हे मला कसं कळलं? कारण तिनं सांगितलं. कुणाला? तुम्हाला कळलंच असेल, पण मी सांगणारच. मलाच बोलून मोकळं व्हायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. एनैदा दोन कॉफ्या आणि कागदात गुंडाळलेल्या तिखट करंज्या घेऊन आली. मारुकेलजवळ जमिनीवर बसली. सुटासकट. तिला होडीचं सांगितलं, बाबांच्या दोन बोटांचं सांगितलं, तो प्रश्न सांगितला. मारुकेल तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग एनैदानं करंजी मोडली, अर्धी तिला दिली.

"कुठे?"

मारुकेलनं सगळं सांगितलं. हात हलवत, हसत.

पाच मिनिटांनी जिन्यात उत्तरेच्या देशाकडून खेळणारा मुलगा, दारिओ, भेटला. एनैदानं त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. दार उघडं होतं. मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी एक पाहुणा होता. तिबुर्सिओ, तिचे बाबा. लेक प्रोफेसर झाली ती कशी शिकवते ते बघायला ते कोलोनहून पहाटेच निघून आले होते. पांढरा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून, टोपी मांडीवर, डावा हात टोपीखाली. खुर्चीच्या कडेवर बसले होते, होडीत बसतात तसे.

नऊ वाजता मारुकेल उठली आणि म्हणाली, "आम्ही चौघं बंदरं बंद करतोय." पण एकही शेजारी उठला नाही. रात्रीतून दारिओनं एकाला कर्ज देऊ केलं होतं, एकाला बंदूक दाखवली होती, तिसऱ्याला दोन्ही. तिघं खाली बघत होते. मारुकेल एकटी उभी, आणि उभी राहूनही बुटकी.

"दारिओला कसं कळलं?" तिनं विचारलं. सगळ्यांकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं, आणि तिचा चेहराच पडला. "मॅडम... मी तर फक्त तुम्हाला... तुम्ही होडीतलं विचारलंत म्हणून सांगितलं."

बाबांनी मान वर केली.

"खात्यात गेल्यावर तुला कुणी कॉफी पाजली तर?" एनैदा म्हणाली. आवाज मऊ होता. तो आवाज मी ओळखत होते. "कुणी तुझ्याजवळ जमिनीवर बसलं तर? तेव्हा देश जाईल, ठोकळा नाही. मला हे कळायला दहा वर्षं काउंटरवर उभं राहावं लागलं. तुला तीन दिवसांत शिकवलं. रडू नकोस. आभार मान."

मग तिनं मला उचललं आणि मारुकेलसमोर धरलं.

"घे. आज तुझी पाळी."

मारुकेलनं लोटला. ठोकळा डब्यात पडलाच नाही, बाहेर जमिनीवर पडला आणि तिवईखाली गेला.

"उचल," एनैदा म्हणाली. "पुन्हा लोट."

तिनं गुडघ्यांवर बसून उचलला. पुन्हा लोटला. टण्ण. दारिओ आणि दोघं-तिघं हसले. मारुकेल दप्तर न घेताच गेली.

वर्ग रिकामा झाला. बाबा उठले, टेबलाशी आले. मला उजव्या हातात घेतलं, डाव्या हाताची तीन बोटं माझ्यावरून फिरवली. दोऱ्याची गाठ पाहिली.

"हे वल्हं आहे," ते म्हणाले.

"हो बाबा. सांगणारच होते तुम्हाला."

"पाण्यातलं आहे."

"हो."

खिडकीतून बाहेर बसचे भोंगे ऐकू येत होते. बाबांनी मला जमिनीवर टेकवलं, होडीत उभं राहून टेकवतात तसं, आणि लेकीच्या डोळ्यांत बघून विचारलं,

"कुठे?"

एवढंच. ओरडून नाही. ती पोरगी कुठे गेली, तू कुठे निघालीस, पुढच्या मार्चला काय करणार, यातलं जे सांगायचं ते तिनं सांगावं. त्यांच्या घरात हाच प्रश्न होता आणि याला गप्प बसायचं नसतं.

एनैदा वळली. टेबलावरची जहाजं डब्यात भरायला लागली. करडी एकीकडे, पिवळी एकीकडे.

बाबा थांबले. जहाज भिंतीला भिडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग "बरं" म्हणाले, मला टेबलावर आडवं ठेवलं, टोपी घातली आणि गेले. भांडले नाहीत, काही नाही. जेवायला जायचं ठरलं होतं, करंज्यांची ऑर्डरही दिलेली होती.

त्याला आता सहा वर्षं झाली. ते पुन्हा आले नाहीत. दर रविवारी ती त्यांना फोन लावते, शेजारीण उचलते, "बाबा बाहेर गेलेत" म्हणते. मारुकेलचं काय झालं ते मला माहीत नाही. दप्तर अजून कपाटात आहे.

तर मित्रांनो, अशा गोष्टी शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा, विसरू नका. मी तसलं काही मागणार नाही. मला फार चांगलं जपतात इथे. दर मार्चआधी तेल मिळतं. गाठ सैल झाली की नवी बसते. मी अजून वीस वर्षं टिकेन, आणि तेच माझं दुखणं आहे.

मला एवढंच मागायचंय. तुमच्यापैकी कुणी कधी या वर्गात आलात आणि तुमच्यासमोर कुणी मला धरलं, "घे, आज तुझी पाळी" म्हणून, तर मला घ्या आणि खरंच घेऊन जा. दारातून, जिन्यावरून, बसमधून. गातुनला नेऊन पाण्यात टाका. नाहीच जमलं, तर गुडघ्यावर आपटा. चिरेपाशी. मी लगेच मोडेन, शब्द देते. आणि मग कुणी गोंद घेऊन आलं तर त्याला हाकला.

चला, पुरे. पावलं वाजतायत. तिच्या हातात खोबरेलाची बाटली आहे.

फेब्रुवारी संपत आला.